पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोहोचतं, असं नाही

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे मुक्कामाचं शहर आपसूक सरकत येतं, असं अनेक वर्षं सांगितलं जातं. हे खरं असतं तर लंडनहून न्यूयॉर्कला लवकर पोहोचता आलं असतं. प्रत्यक्षात उलट होतं. सुमारे ५,५५० किलोमीटरच्या या प्रवासाला जाताना साधारण आठ तास लागतात, येताना सात किंवा त्याहूनही कमी.

पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, आणि उभं विमानसुद्धा. उड्डाणानंतर तो वेग सुटत नाही. फरक पाडतो तो वारा. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच जोरदार वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत उतरलं. (या वाऱ्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, पण तो असा आडवळणाने.)

आपल्याकडचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हा एअर इंडियाचा मार्ग आधी अटलांटिकवरून जायचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे पॅसिफिकवरून जाऊ लागलं. अंतर हजाराहून अधिक किलोमीटरनी वाढून सुमारे १५,३०० झालं, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ कमी लागू लागला. त्यामुळे नकाशावरचं अंतर मोजून प्रवासाचे तास काढू नका. जाण्याची आणि येण्याची वेळ वेगवेगळी पाहा.