काजू कलम

काजू हा आंबा, बिब्बा आणि पिस्ता यांच्या कुळातला (ॲनाकार्डिएसी) सदाहरित वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटेल आहे. तो मूळचा ईशान्य ब्राझीलचा. 16 व्या शतकात पोर्तुगिजांनी तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला आणि नावही तिकडूनच आले. तुपी भाषेतल्या ‘अकाजू’चा पोर्तुगिजांनी ‘काजू’ केला, तोच मराठीत आणि कोंकणीत रुळला. ज्याला आपण फळ म्हणतो ते बोंड म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. खरे फळ त्याच्या टोकाला लोंबणारी बी. आधी बी पूर्ण आकार घेते आणि त्यानंतरच बोंड फुगते.

काजूला कातळ आणि वरकस जमीन चालते, पाणी लागत नाही, म्हणून तो आपोआप पिकतो असा समज कोकणात पक्का आहे. झाड जगते हे खरे, पण ते पिकेल की नाही हे कलम, पहिली तीन वर्षे आणि मोहोराचे दोन-तीन महिने ठरवतात. काजूत परपरागीकरण होते, त्यामुळे बीपासून वाढलेले झाड आईसारखे निघेल याची खात्री नसते. एकाच झाडाच्या बिया शेजारी-शेजारी लावल्या तरी एक झाड भरभरून देते, दुसरे नुसते पानांनी भरते. म्हणून लागवड कलमांचीच करावी.

जाती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती महाराष्ट्रात सर्वाधिक लावल्या जातात. वेंगुर्ला-1 ची बी सुमारे 6.2 ग्रॅमची, वेंगुर्ला-4 ची 7.7 ग्रॅमची, तर वेंगुर्ला-7 ची 10 ग्रॅमची असते. म्हणजे किलोला पहिलीच्या 160 च्या आसपास, दुसरीच्या 130 आणि तिसरीच्या 100 बिया बसतात. या तिन्ही जातींत गराचे प्रमाण 30 ते 31 टक्के आहे. वेंगुर्ला-4 चे बोंड लाल, वेंगुर्ला-7 चे पिवळे. बी मोठी असली की सोलणे सोपे जाते आणि अख्खा गर जास्त निघतो, त्यामुळे घराजवळ दोन-चारच झाडे लावायची असतील तर वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 मिसळून लावावीत.

कलम बांधणे. काजूला मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या खोडाच्या रोपावर बांधलेले) सर्वांत यशस्वी ठरते. खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे त्या रोपासाठी, गावठी झाडाच्या भरदार बिया घेऊन पाण्यात टाकाव्यात. तरंगतील त्या काढून टाकाव्यात, बुडतील त्या 24 ते 48 तास भिजवून पिशवीत 2 ते 3 सेंमी खोल लावाव्यात. लावताना देठाची बाजू वर हवी. उलटी लावलेली बी उगवते, पण मूळ वळून रोप वाकडे होते. रोप 45 ते 60 दिवसांचे झाले की कलमाला तयार होते.

कलमकाडी, म्हणजे खुंटावर जोडायची काडी, भरघोस पिकणाऱ्या झाडाची, उन्हातली, 3 ते 5 महिने वयाची, पेन्सिलीएवढी जाड आणि 8 ते 12 सेंमी लांब निवडावी. तोडण्याआधी 7 ते 10 दिवस तिची पाने देठाचा थोडा भाग राखून कापावीत. त्याने शेंड्याचा डोळा फुगतो. डोळा उमलल्यानंतर काढलेली काडी जळते. खुंट जमिनीपासून साधारण 15 सेंमीवर छाटून, खालची दोन पाने राखून, मधोमध 4 ते 5 सेंमीचा काप घ्यावा. काडीला तेवढीच पाचर करून ती त्यात बसवावी. दोन्हींची जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. जोडावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी, वरून पिशवीची टोपी घालून रोप सावलीत ठेवावे. टोपी 10 ते 15 दिवसांनी काढतात. तीन-चार आठवड्यांत फूट येते, लागवडीजोगे कलम व्हायला पाच-सहा महिने जातात. काप घेतल्यावर चिकामुळे पाते बोथटते, म्हणून चाकू दर थोड्या कलमांनंतर पुसून घ्यावा.

लागवड. उन्हाळ्यात 60 सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डे खणून वरची माती व कुजलेल्या शेणखताने भरून ठेवावेत आणि पाऊस स्थिरावल्यावर कलमे लावावीत. अंतर 7 ते 8 मीटर. पाणी साचणारी जागा आणि मोठ्या झाडाची सावली ही दोन्ही काजूला वर्ज्य. जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे आणि लावताना पट्टी आठवणीने सोडली पाहिजे. ती राहून गेली की खोड जाड होताना आवळले जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाड वाऱ्याने जोडावरच मोडते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र शांतपणे होते. जोडाखालून खुंटाला फुटवे येतात, ते जोमदार असतात, आणि न काढल्यास वरचे कलम मरून गावठी झाड उभे राहते. पैसे कलमाचे देऊन रायवळ पिकवणारे बागायतदार कमी नाहीत. पहिली दोन वर्षे दर महिन्याला हे फुटवे खुडावेत. जमिनीपासून पाऊण ते एक मीटरपर्यंत खोड मोकळे ठेवावे आणि पहिली दोन-तीन वर्षे येणारा मोहोर काढून टाकावा. डिसेंबरनंतर झाडाभोवतालचे गवत कापून ठेवणे वणव्याच्या डोंगरउतारावर अत्यावश्यक आहे.

पूर्ण वाढलेल्या झाडाला कोकणात वर्षाला 1000 ग्रॅम नत्र आणि प्रत्येकी 250 ग्रॅम स्फुरद व पालाश देतात. म्हणजे सुमारे 2.2 किलो युरिया, 1.5 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 400 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. लहान झाडांना याचा वयानुसार अंश द्यावा. खत खोडाशी न टाकता फांद्यांच्या घेराखाली चरात टाकून मातीने झाकावे.

शत्रू. ढेकण्या (टी मॉस्किटो बग) कोवळी पालवी, मोहोर आणि कोवळ्या बिया यांतला रस शोषतो. टोचल्या जागी काळे डाग पडतात, मोहोर करपल्यासारखा वाळतो. ढगाळ हवेत त्याचा जोर वाढतो, त्यामुळे अनेकजण ते ढगाचे काम समजतात. पालवी, मोहोर आणि फळधारणा हे फवारणीचे तीन टप्पे. लॅम्डा सायहॅलोथ्रिन 5 टक्के प्रवाही 10 लिटर पाण्यात 6 मिली घेतात. फुले उमलली असताना सकाळी मधमाश्या फिरतात, तेव्हा फवारू नये.

खोडकिडा त्याहून घातक, कारण तो झाडच घेतो. बुंध्याशी छिद्रे, त्यातून भुसा आणि डिंक, मग पाने पिवळी, असा क्रम असतो. पाने पिवळी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून बुंधा नियमित तपासावा, पटाशीने साल काढून अळ्या वेचाव्यात आणि जखमेवर कडुनिंबाचे तेल लावावे. बुंध्याचा निम्म्याहून अधिक घेर पोखरला असेल तर झाड मुळासकट काढून जाळणेच योग्य. ते उभे ठेवले की शेजारची झाडे जातात. जुनी झाडे छाटून त्यांवर कलम करणारांनी तर छाटलेल्या बुंध्यावर विशेष लक्ष ठेवावे, किडा तिथेच आधी येतो.

काढणी. पिकून आपोआप गळलेली बीच उत्तम. झोडपून पाडलेल्यांत कोवळ्या बिया मिसळतात. बोंडापासून वेगळी केलेली बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवून ओलावा 8-9 टक्क्यांवर आणावा. बिया हातात घेऊन हलवल्यावर खुळखुळल्या की वाळल्या असे समजावे. ओल्या बियांची रास केली तर गर काळा पडतो. उसळीसाठी कोवळे ओले काजू फोडताना हाताला खोबरेल तेल लावतात, कारण टरफलातले तेल त्वचेला फोड आणते. बोंडांचा रस गोव्यात हुराक आणि फेणी या दारूंसाठी वापरतात. महाराष्ट्रात मात्र बहुतेक बोंडे झाडाखालीच कुजतात.