पाणीच दिलंय, इस्टेट नाही

पुतण्या न्यू जर्सीत वाढलेला. सुट्टीत आमच्याकडे आला की पाण्याचा पेला हातात दिला तरी "थँक्यू काकू", पोळी वाढली तरी "थँक्यू". दोन दिवसांनी सासूबाई वैतागल्या. "अरे, पाणीच दिलंय, इस्टेट नाही दिली!" आपलं चुकलं कुठे, ते त्याला कळेना. मलाही चटकन सांगता आलं नाही. घरच्या माणसाने आभार मानले की उगाच परकं झाल्यासारखं वाटतं, एवढंच आपल्याला माहीत.

असं वाटणारे आपण एकटेच नाही. पाच खंडांतल्या आठ भाषांमधलं घरगुती बोलणं ध्वनिचित्रमुद्रित करून भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने तपासलं आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष छापले. मीठ दे, जरा सरक, ते भांडं धर, अशी मागितलेली मदत मिळाल्यावर माणसं किती वेळा आभार मानतात? हजारावर प्रसंग मोजले, तेव्हा प्रमाण निघालं साधारण वीसातून एकदा. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे जरा पुढे, पण तेही सातातून एकदाच. इक्वेडोरमधल्या चापाला भाषेत तर आभारासाठी शब्दच नाही. तरी तिथे मीठ मागितलं की मीठ मिळतं.

म्हणजे शब्द नसला म्हणून काम अडत नाही. कृतज्ञ या शब्दाची फोड केली तर 'केलेलं जाणणारा' एवढाच अर्थ निघतो. त्यात बोलण्याचा संबंध नाही. मराठीतही आपण 'जाण ठेवली' म्हणतो. इंग्रजीतले थँक आणि थिंकसुद्धा मुळात एकाच घरातले.

ही जाण आली कुठून? १९७१ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाने एक मांडणी केली. नात्यात नसलेल्यांनी एकमेकांना मदत करायची पद्धत टिकायची, तर कोणी काय केलं याचा हिशेब मनात राहायला हवा. कृतज्ञता ही त्या हिशेबाची भावना आहे. देणाऱ्याला किती झीज सोसावी लागली आणि घेणाऱ्याचं किती भलं झालं, त्यावर ती कमीजास्त होते. सासूबाईंनी ट्रिव्हर्स वाचलेला नाही, पण पाणी आणि इस्टेट यांतला फरक त्यांनी नेमका तोच सांगितला.

हिशेब बघायचा तर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या रक्तपिपासू वटवाघळांकडे बघावं. (आपल्याकडची बिचारी बहुतेक फळं आणि किडे खातात.) हे वटवाघूळ सलग दोन-तीन रात्री उपाशी राहिलं की मरतं, आणि शिकार काही रोज साधत नाही. मग पोट भरलेली वटवाघळं उपाशी सोबतिणीच्या तोंडात रक्त ओकून देतात. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली हे जगापुढे आणलं. पुढे जेराल्ड कार्टर यांच्यासोबत त्यांनी पाळलेल्या वटवाघळांना एकेक करून उपाशी ठेवून पाहिलं. कोण कोणाला भरवेल याचा अंदाज रक्ताच्या नात्यावरून फारसा येईना. पूर्वी कोणी कोणाला भरवलं होतं, यावरून तो कितीतरी चांगला येई. अनोळखी वटवाघळांना एकत्र ठेवलं, तर ती आधी एकमेकींचं अंग चाटून साफ करतात आणि ओळख मुरली की मग रक्त देतात. त्यांच्या मनात काय चालतं ते विचारायची सोय नाही. पण शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, ही आपल्याकडची रीत त्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

माणसाच्या बाबतीत एक गंमत जास्तीची आहे. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात मोनिका बार्टलेट आणि डेव्हिड डिस्टेनो यांनी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. संगणकावर कंटाळवाणं काम करायला लावायचं आणि संपत आलं की पडदा काळा. आता सगळं पहिल्यापासून! इतक्यात शेजारी बसलेली बाई खटपट करून बिघाड शोधून देते. बिघाड खोटा आणि बाई प्रयोगकर्त्यांचीच. थोड्या वेळाने ती स्वतःच्या कामासाठी मदत मागते आणि सुटलेला माणूस तिच्यासाठी बराच वेळ घालवतो. एवढं अपेक्षितच होतं. पण तिच्याऐवजी कोणी भलतंच मदत मागायला आलं, तरी त्याच्या वाट्यालाही जास्त वेळ आला. फक्त मध्येच "मघाशी तुला मदत कोणी केली होती?" अशी आठवण करून दिली, की अनोळखी माणसाचा हा फायदा संपला. भावना कुठेही ओसंडते. नाव आठवलं की ती त्या नावाच्या खात्यावर जाते.

कृतज्ञतेच्या डायऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. रोज रात्री चांगल्या गोष्टी लिहिल्याने बरं वाटतं, पण नैराश्य आणि चिंतेवर त्याचा परिणाम किरकोळच, असं अनेक अभ्यास एकत्र ठेवून पाहिल्यावर दिसतं. डायरीच्या किमतीवरून तसं वाटत नाही.

नावाच्या खात्याचा प्रश्न सगळ्यात जास्त येतो तो बॉस्टनपासून तासाभरावरच्या प्लिमथ गावात. थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या आभार मानण्याच्या सणाची गोष्ट तिथली. १६२० च्या नोव्हेंबरात मेफ्लॉवर जहाज इंग्लंडहून वस्ती करायला निघालेले १०२ प्रवासी घेऊन या किनाऱ्याला लागलं आणि पहिल्या हिवाळ्यात त्यातले निम्मे गेले. उतरल्या उतरल्या त्यांनी स्थानिकांनी जमिनीत पुरून ठेवलेला मका उकरून नेला होता. तो नसता तर पेरायला बी नव्हतं, असं गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने स्वतः लिहून ठेवलंय. सहाएक महिन्यांनी भरपाई दिल्याची नोंदही त्याचीच.

पेरायचं कसं, ते दाखवलं टिस्क्वांटम या स्थानिक माणसाने. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो इंग्लंडमार्गे १६१९ साली परतला, तर साथीच्या रोगात त्याचं पटक्सेट गाव पार ओस पडलेलं. प्लिमथ वसलं ते नेमकं त्याच गावाच्या जागेवर, त्याच्याच लोकांनी मोकळ्या केलेल्या शेतांवर. वसंतात हेरिंग मासे अंडी घालायला ओढ्यात चढतात. ते धरायचे आणि मक्याच्या आळ्यात पुरायचे. मका खादाड पीक, त्याला नायट्रोजन भरपूर लागतो, आणि तिथली जमीन हलकी, रेताड. मातीतले जिवाणू माशातली प्रथिनं मोडतात. त्यातून आधी अमोनिया, मग नायट्रेट तयार होतं आणि ते हळूहळू मुळांना मिळत राहतं. कोकणात माडाच्या मुळाशी मासळीचं खत घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मेफ्लॉवरवरून आलेल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात त्या वर्षीच्या पिकाचा हिशेब आहे: २० एकर मका उत्तम आला, जव बेताचं, आणि इंग्लंडहून आणलेले वाटाणे फुलातच उन्हाने करपले.

त्या सुगीला, १६२१ च्या शरदात, तीन दिवस जेवणावळ चालली. वाम्पनोआग या स्थानिक लोकांचा प्रमुख मॅसॅसॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. विन्स्लो एवढंच सांगतो. 'थँक्सगिव्हिंग' हा शब्द त्याच्या पत्रात नाही, कारण त्या लोकांच्या लेखी थँक्सगिव्हिंग म्हणजे देवाची प्रार्थना, पंगत नव्हे. या जेवणाला 'पहिलं थँक्सगिव्हिंग' म्हटलं ते थेट १८४१ साली अलेक्झांडर यंग यांनी, जुनी कागदपत्रं छापताना दिलेल्या तळटीपेत. लिंकनने १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, या सणासाठी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. त्या घोषणेत प्लिमथचा उल्लेखही नाही. चौथा गुरुवार कायद्याने ठरला १९४१ मध्ये.

मॅसॅसॉइट १६२३ साली मरणाच्या दारात होता, तेव्हा विन्स्लोने त्याची जीभ खरवडून साफ केली, त्याला पेज भरवली आणि तो वाचला. वटवाघळांचा हिशेब तोवर चोख चालला होता. पुढच्या पिढीत दोघांच्या लोकांत जमिनीवरून युद्ध पेटलं. १६७६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅसॉइटचा मुलगा मेटाकॉम मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथला आणून खांबावर लावलं. ते गावात आलं, त्या दिवशी चर्चमध्ये थँक्सगिव्हिंगची प्रार्थना होती.

प्लिमथच्या बंदरावर कोल्स हिल नावाची टेकडी आहे. पहिल्या हिवाळ्यात मेलेल्या प्रवाशांना तिथे पुरलं होतं. किती माणसं कमी झाली ते स्थानिकांना कळू नये म्हणून थडगी सपाट ठेवली, असं सांगतात. वर मॅसॅसॉइटचा ब्राँझचा पुतळा आहे. १९७० पासून दर नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी देशभर टर्की ओव्हनमध्ये असते, तेव्हा तिथले मूळ रहिवासी त्या पुतळ्याजवळ जमतात आणि राष्ट्रीय शोकदिन पाळतात.