एकाच दिवशी घेतलेले लॅपटॉप एकाच वेळी का बिघडतात

कंपनी एका ऑर्डरमध्ये दोनशे लॅपटॉप घेते तेव्हा त्यांतल्या बॅटऱ्या, चिप, फर्मवेअर (भागांमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) आणि स्क्रूसुद्धा एकाच घाण्यातले असतात. म्हणून त्यांचे बिघाडही सुटे सुटे न येता लाटेने येतात. एका आठवड्यात तीन जणांनी ‘टचपॅड दाबला जात नाही’ अशी तक्रार केली, तर टचपॅड मागवण्याआधी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवून पाहावा. तो डुगडुगला किंवा झाकण नीट मिटलं नाही, तर खालची बॅटरी फुगून टचपॅडला वर रेटते आहे असं समजावं. तेव्हाच त्या खरेदीतले बाकीचे लॅपटॉपही तपासायला घ्यावेत.

दुरुस्तीची आजची भाषा आयबीएमकडून आली. ऑक्टोबर 1992 मध्ये तिचा थिंकपॅड 700सी हा लॅपटॉप बाजारात आला. त्याआधीपासून आयबीएमचे इंजिनिअर ‘एफआरयू’ या हिशेबाने काम करत. एफआरयू म्हणजे ग्राहकाच्या जागेवरच बदलता येईल असा सुटा भाग. मॅन्युअलमध्ये प्रत्येक भागाचा क्रमांक, काढायचा क्रम आणि स्क्रूची लांबी दिलेली असे. 2005 मध्ये हा धंदा लेनोवोकडे गेला तरी ती मॅन्युअल खुलीच राहिली. कंपन्यांनी थिंकपॅडला जवळ केलं त्याचं हे मोठं कारण आहे.

पहिली मोठी लाट 2006 ची. सोनीच्या लिथियम-आयन सेलमध्ये बनवतानाच धातूचे सूक्ष्म कण शिरले होते. त्यांनी आत शॉर्ट सर्किट झालं की सेल तापून पेट घेई. ऑगस्टमध्ये डेलने 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या, ॲपलने 18 लाख, आणि सप्टेंबरमध्ये लेनोवो व आयबीएमने 5,26,000. ज्यांच्या नोंदवहीत फक्त लॅपटॉपचा सिरियल नंबर होता त्यांची पंचाईत झाली, कारण मधल्या काळात बदललेली बॅटरी वेगळ्या बॅचची असते. बॅटरीच्या लेबलवरचा पार्ट नंबर वेगळा नोंदवायचा तो यासाठी.

दुसरी लाट चिपची होती आणि ती जास्त फसवी निघाली. जुलै 2008 मध्ये चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या आपल्या काही ग्राफिक्स चिप (स्क्रीनवरचं चित्र उभं करणाऱ्या) नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत असल्याचं मान्य केलं आणि 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद केली. त्याआधी दोन वर्षं, 1 जुलै 2006 पासून, युरोपने सोल्डरमधल्या (चिप बोर्डला जोडणाऱ्या धातूच्या डाकातल्या) शिशावर बंदी आणली होती. कथील-शिशाचं जुनं सोल्डर 183 अंशांना वितळतं, बिनशिशाचं साधारण 217 अंशांना. त्यामुळे कारागिरांनी सगळा दोष नव्या सोल्डरला दिला आणि चिप तापवून देण्याचा धंदा जोरात चालला. स्क्रीन परत यायची, काही आठवड्यांनी पुन्हा काळी व्हायची. खरा दोष चिपच्या पॅकेजमध्ये होता. रोजच्या तापण्या-थंड होण्याने आतले सूक्ष्म जोड तडकत. मदरबोर्डवरचे सोल्डरचे गोळे बदलून, म्हणजे रिबॉलिंग करून, आतली तडक बुजत नाही. त्या काळातल्या दुरुस्तीवर किती पैसा वाया गेला याची हळहळ वाटते.

पुढची घडामोड बिघाडाची नव्हती, रचनेची होती. 2012 च्या थिंकपॅड एक्स 1 कार्बनमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली आली. 2013 च्या थिंकपॅड टी 440 मध्ये प्रोसेसरही सॉकेटऐवजी बोर्डलाच सोल्डर केलेला आला, जाड टी 440पी मध्ये मात्र तो सॉकेटमध्येच राहिला. लॅपटॉप पातळ झाले आणि एफआरयू मोठा झाला. पूर्वी रॅमची पट्टी खराब झाली तर पट्टी बदलत, आता अख्खा मदरबोर्ड जातो. वॉरंटी संपल्यावर त्याचा भाव ऐकून बरेच लॅपटॉप भंगारात काढले जातात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ‘चिप-लेव्हल’ काम, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचे छोटे भाग बदलण्याचं काम, होतं. चार्जिंग जॅक आणि पॉवर सेक्शनसाठी ते उपयोगी आहे, पण कंपनीने एसएसडी (डेटा साठवणारा भाग) काढून घेतल्याशिवाय लॅपटॉप बाहेर देऊ नये.

2018 मधलं एक्स 1 कार्बनच्या पाचव्या पिढीचं प्रकरण छोटं पण बोलकं आहे. आत सुटा राहिलेला एक स्क्रू बॅटरीला टोचू शकतो म्हणून एकट्या अमेरिकेत सुमारे 78,000 लॅपटॉप तपासणीसाठी परत मागवले गेले. लॅपटॉप उघडणाऱ्याने काढलेले स्क्रू मोजून ठेवावेत आणि एकही कमी असेल तर झाकण लावू नये. 2017 ते 2019 च्या अनेक थिंकपॅडमध्ये तर थंडरबोल्ट (यूएसबी-सी पोर्टमधून चालणारी वेगवान जोडणी) फर्मवेअरच्या दोषाने यूएसबी-सी पोर्ट बंद पडू लागले. वेळेत अपडेट केलेले वाचले, बाकीच्यांचा अनेकदा मदरबोर्डच बदलावा लागला. नवा लॅपटॉप हातात देण्याआधी फर्मवेअर अपडेट करावं, हा धडा इथला.

बॅटरीचं मोजमाप सोपं आहे. विंडोज 8 पासून ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसतात. 50 वॉट-अवरची बॅटरी 30 वर आली, तर ती 60 टक्के उरली आहे. एका मॉडेलच्या दहा-बारा लॅपटॉपचे आकडे दर सहा महिन्यांनी घेतले की लाट आधी दिसते. दिवसभर प्लगला लावून ठेवल्या जाणाऱ्या लॅपटॉपना चार्जची मर्यादा 80 टक्के ठेवावी, कारण पूर्ण चार्ज आणि उष्णता मिळून सेल लवकर म्हातारे होतात. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू किंवा टोचू नये. लॅपटॉप बंद करून ती काढावी आणि जळाऊ सामानापासून दूर ठेवून अधिकृत संकलकाकडे द्यावी.

आता काटा उलट फिरू लागला आहे. 2024 च्या थिंकपॅड टी 14 च्या पाचव्या पिढीत रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि बॅटरी वापरणाऱ्यालाच बदलता येते. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून उपकरणांतल्या बॅटऱ्या ग्राहकाला काढता येतील अशा असाव्या लागतील. दरपत्रक मागवतानाच रॅम सुटी आहे का, बॅटरी किती स्क्रूंनी बसवली आहे, मॅन्युअल खुलं आहे का आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.