जुन्या संगणकाला हार्ड डिस्क का दिसत नाही : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये २००० च्या दशकात जुळवलेले संगणक अजून पुरते निवृत्त झालेले नाहीत. लग्नपत्रिका आणि बिलबुके छापणाऱ्या दुकानांत ते टिकून आहेत, कारण युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये साठलेला वर्षानुवर्षांचा मजकूर आणि त्या सॉफ्टवेअरचे प्रिंटर पोर्टला लावायचे लॉक नव्या यंत्रावर सहसा चालत नाही. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत ते एखाद्या जुन्या यंत्राच्या जोडीने काम करत असतात. अशा संगणकाची हार्ड डिस्क एक दिवस बंद पडते, नवी आणली जाते आणि ती ‘डिटेक्ट’ होत नाही. दुकानदार ती बदलून देतो, तर दुसरीही दिसत नाही. लागोपाठ दोन नव्या डिस्क सदोष निघणे विरळाच, तेव्हा संशय डिस्क आणि यंत्र यांच्या वयातील अंतराकडे वळवणे योग्य ठरते.

‘डिटेक्ट’ हा शब्द आज सहज वापरला जातो, पण सुरुवातीचे संगणक डिस्क शोधतच नव्हते. १९८१ च्या आयबीएम पीसीला हार्ड डिस्क नव्हती; १९८३ च्या एक्सटी मॉडेलबरोबर १० एमबीची डिस्क आली. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होताच आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, आत ठरावीक डिस्कांची क्रमांकवार यादी होती आणि आपल्याकडे कोणत्या क्रमांकाची डिस्क आहे, हे माणसानेच सांगायचे असे. तो क्रमांक बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या छोट्या स्मृतीत राही, त्यामुळे बॅटरी उतरली की संगणक आपली डिस्क विसरून जाई. मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट पट्टीवरचा, सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल त्याच व्यवस्थेचा वारसदार आहे. म्हणून संगणक सुरू केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली, तर केबल उपसण्याआधी सेल बदलावा आणि बायोसच्या नोंदी पुन्हा तपासाव्यात.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्क जोडण्याची आयडीई पद्धत आली. डिस्क चालवणारा नियंत्रक डिस्कवरच बसल्याने डिस्क स्वतःची ओळख सांगू शकू लागली आणि १९९० च्या दशकात बायोस ती ओळख आपणहून विचारू लागले. मात्र एका केबलवर दोन उपकरणे असल्याने मास्टर (पहिले) आणि स्लेव्ह (दुसरे) ठरवणे भाग होते, आणि ते काम तांदळाच्या दाण्याएवढ्या जंपरवर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोपणावर, सोपवले गेले. दोन्ही उपकरणांचा जंपर मास्टरवर राहिला, की अनेकदा दोन्ही दिसेनाशी होतात. पुढे आलेल्या ८० तारांच्या केबलमध्ये निळे टोक मदरबोर्डला, शेवटचे काळे मास्टरला आणि मधले करडे स्लेव्हला, असा संकेत आहे.

खरा गुंता क्षमतेच्या मर्यादांनी केला. बायोस आणि आयडीई या दोन्हींच्या डिस्कवरील जागेच्या पत्त्यांच्या पद्धती स्वतंत्रपणे ठरल्या होत्या, आणि दोन्हींतील लहान आकडे एकत्र आले की १०२४ सिलिंडर (वर्तुळाकार मार्ग), १६ हेड (वाचणारी डोकी) आणि ६३ सेक्टर (मार्गाचे तुकडे) इतकेच उरत. ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणले की ५२८ एमबी. त्यावर उपाय निघाला, तर ८.४ जीबीची भिंत आली. १९९९ च्या आधीचे काही बायोस ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क लावताच तिथेच गोठून बसत, आणि म्हणून कंपन्यांनी डिस्कवर असा जंपर दिला की तिने आपले आकारमान ३२ जीबीच सांगावे. त्यानंतरची मर्यादा २८ बिटांच्या पत्त्याची, म्हणजे १३७ जीबीची. ४८ बिटांचा पत्ता आल्यावर ती सुटली, पण विंडोज एक्सपीला तो २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून समजू लागला. या शेवटच्या भिंतीपाशी डिस्क बहुधा गायब होत नाही, आखडते: १६० जीबीची डिस्क १३७ ची दिसते.

२००३ च्या सुमारास आयडीईऐवजी साटा या नव्या जोडणीच्या डिस्क बाजारात आल्या आणि मास्टर-स्लेव्हचा प्रश्न मिटला, पण वेगाचा निर्माण झाला. पहिली पिढी सेकंदाला १.५ गिगाबिटची आणि दुसरी ३ गिगाबिटची. डिस्क आणि मदरबोर्ड या दोघांनी आपसात वेग ठरवून घ्यावा अशी अपेक्षा होती. व्हीआयएच्या व्हीटी ८२३७ सारख्या काही चिपसेटना (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपांना) ते जमले नाही आणि ३ गिगाबिटची डिस्क त्यांना दिसेनाच. अनेक डिस्कांवर वेग १.५ वर बांधून ठेवणारा जंपर त्यासाठीच आहे, आणि २००४ च्या आगेमागे घेतलेल्या मदरबोर्डवर तो आधी लावून पाहावा.

अगदी अलीकडची अडचण वीजपुरवठ्याच्या बाजूने आली. पूर्वी साटाच्या वीजजोडणीतील तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट देण्याची सोय होती. नंतरच्या मानकाने तीच पिन डिस्क दुरून बंद करण्यासाठी वापरली: तिच्यावर व्होल्टेज आले की डिस्क बंद राहते. परिणामी काही नव्या, विशेषतः सर्व्हरसाठीच्या, डिस्क जुन्या एसएमपीएसला (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) जोडल्या की फिरतच नाहीत, आणि ‘मेलेली डिस्क’ म्हणून परत पाठवल्या जातात. चार पिनांच्या जुन्या जोडणीतून अडॅप्टर लावला, तर त्यात ३.३ व्होल्टची तार नसल्याने तीच डिस्क सुरू होते.

बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते आणि विंडोजमध्ये दिसत नाही, ही तक्रार निराळी असून दोन्हींची सरमिसळ केल्याने दुरुस्तीचा बराच वेळ वाया जातो. एक्सपीजवळ एएचसीआय या साटा डिस्क हाताळण्याच्या पद्धतीचा चालक (ड्रायव्हर) मुळात नसतो. बायोसमध्ये ती पद्धत आयडीईवर आणली की इन्स्टॉलेशनला डिस्क सापडते. सेल बदलल्यावर हीच नोंद मूळपदावर जाते, म्हणून काल चालणारे यंत्र आज निळ्या पडद्यावर अडते. २.२ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला लागणारी जीपीटी पद्धतीची विभागणी (पार्टिशनिंग) ३२ बिटांच्या एक्सपीला वाचताच येत नाही.

केवळ आयडीई असलेल्या यंत्राला आता नवी डिस्क मिळणे कठीण आहे. कॅमेऱ्यातील कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड मात्र आयडीईचीच भाषा बोलते, त्यामुळे त्याला फक्त पिना जुळवणारा साधा अडॅप्टर पुरतो; मजकूर आणि फाँट ठेवण्यापुरते ८ जीबीचे कार्ड पत्रिकेच्या दुकानाला पुष्कळ होते, आणि वर सांगितलेल्या भिंतींपैकी तेवढे कार्ड फक्त पहिलीच ओलांडते.