विल्यम हार्ट आणि 'अस्सल' या शब्दाचा घोळ

अमेरिकन मूक वेस्टर्नपटांचा (काउबॉयपटांचा) नायक विल्यम एस. हार्ट 1914 मध्ये चित्रपटांत आला, तेव्हा पन्नाशीला टेकला होता. त्याआधीची उमेदीची वर्षं रंगभूमीवर गेली. शेक्सपिअरची नाटकं केली, 1899 मध्ये ब्रॉडवेवर 'बेन-हर' नाटकातला खलनायक मेसाला झाला. जन्म न्यूयॉर्क राज्यातला. बालपणाचा काही काळ मात्र मैदानी मुलखात गेला, आणि पुढे सगळं भांडवल त्याचंच.

त्याच्याविषयी लिहिताना 'अस्सल' हा शब्द हमखास येतो. मळके कपडे, धुळकट गावं, रापलेला चेहरा, फ्रिट्झ हा अबलख घोडा, एवढ्यापुरता तो खराच. पण कथा बघा. बदमाश गडी, देवभोळी तरुणी, तिची एक नजर पडते आणि गडी पालटतो. 1916 च्या 'हेल्स हिंजेस'मध्ये तो पालटून थांबत नाही, पापी गावच पेटवून देतो! हा सगळा मसाला नाटकातला. अस्सल होतं ते नेपथ्य.

1920 नंतर प्रेक्षकांना झगमगीत शर्ट आणि घोड्यावरच्या कसरती हव्या होत्या, ते देणारा टॉम मिक्स हा प्रतिस्पर्धीही हजर होता. स्टुडिओने कथांवरचा ताबा मागितला, हार्टने दिला नाही. इथे सगळे त्याला हट्टी म्हातारा ठरवून मोकळे होतात. शेवटचे एक-दोन चित्रपट रेंगाळलेले होते, हे मान्य. तरी त्याने 1925 मध्ये स्वतःचे पैसे घालून 'टम्बलवीड्स' काढला. ओक्लाहोमातला चेरोकी पट्टा 1893 मध्ये वस्तीसाठी खुला झाला, तेव्हा जमिनीसाठी उडालेली झुंबड त्यात आहे, आणि ती आजही बघण्यासारखी आहे. वितरकांनी चित्रपट नीट चालवलाच नाही, म्हणून तो कोर्टात गेला. निकाल 1940 मध्ये त्याच्या बाजूने लागला. हट्टाची गोष्ट सांगणारे हा निकाल बहुधा गाळतात.

दरम्यान 1939 मध्ये 'टम्बलवीड्स' पुन्हा प्रदर्शित झाला, सुरुवातीला हार्टचं बोलकं निवेदन जोडून. चौऱ्याहत्तरीतला हार्ट आपल्या माळावर उभा राहून गेलेल्या दिवसांची आणि घोड्याची आठवण काढतो. आवाज भरदार, शब्द लांबवलेले, जणू शेवटच्या रांगेला ऐकू जायला हवं.

1946 मध्ये तो गेला. कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉलची आपली वाडी त्याने लॉस एंजेलिस काउंटीला दिली. आज तिथे संग्रहालय आहे, आणि बायसनचा कळपही. त्या कळपातली पहिली जनावरं 1962 मध्ये कार्टूनसम्राट वॉल्ट डिस्नेने भेट दिलेली.