हिरड्यांची शस्त्रक्रिया, जखमेवरचा पॅक आणि दुखणं

हिरडीची शस्त्रक्रिया संपली की मळलेल्या कणकेसारखा गुलाबी गोळा डॉक्टर जखमेवर दाबून बसवतात. दवाखान्यात त्याला सगळे ‘पॅक’ म्हणतात. आठवडाभर तो तोंडात खुपतो आणि रुग्णाला एकच विचारायचं असतं : याने दुखणं कमी होईल ना? हा प्रश्न पॅकइतकाच जुना आहे.

सुरुवातीच्या काळात रोगट हिरडी कापून टाकणं हाच उपचार होता. कापलेली जागा तशीच उघडी राहायची. अन्न लागलं, जीभ फिरली तरी आग व्हायची. 1923 साली अमेरिकेत ए. डब्ल्यू. वॉर्ड यांनी या जखमेसाठी ‘वंडर-पॅक’ आणला : झिंक ऑक्साइडची पूड आणि युजेनॉल. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरणाऱ्या आपल्या माणसांना यामागचा विचार सांगावा लागत नाही.

पण दाढेची कळ वेगळी आणि उघडं मांस वेगळं. दाताची नस बधिर करणारं युजेनॉल ताज्या जखमेला झोंबतं, काहींना त्याची ॲलर्जीही होते. शिवाय लगदा घट्ट राहावा म्हणून जुन्या पॅकमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घालत. ते धोकादायक असल्याचं स्पष्ट झाल्यावर वगळले गेले. पुढे युजेनॉल नसलेले, दोन ट्यूबमधून काढून मिसळायचे पॅक रुळले. आज बहुतेक ठिकाणी तेच दिसतात.

खरं वळण मात्र संशोधनाने दिलं. 1961 मध्ये लो आणि सिल्नेस यांनी दाखवलं की जागा स्वच्छ राहिली तर जखम पॅकशिवायही भरते. शस्त्रक्रियाही बदलली होती. हिरडी कापून टाकण्याऐवजी ती उचलायची, आतली घाण काढायची आणि टाके घालून परत बसवायची, म्हणजे झाकण्यासारखी उघडी जखमच फारशी उरत नाही. 1979 मध्ये जोन्स आणि कॅसिंगहॅम यांना अशा रुग्णांत पॅक लावल्याने जखम लवकर भरलेली दिसली नाही. 1993 मध्ये केक्की आणि ट्रॉम्बेली यांनी पॅक असताना आणि नसतानाही क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या देऊन तुलना केली, तेव्हाही पॅकमुळे वेदनेत ठळक फरक पडला नाही. पॅकच्या खडबडीत पृष्ठभागावर जंतूंचा थर साचतो, हेही विसरून चालत नाही. म्हणून टाके नीट बसलेल्या हिरडीवर केवळ सवयीने पॅक चिकटवणं मला पटत नाही. तिथे वेदनाशामक गोळी आणि गुळण्या अधिक कामाच्या.

टाळूची गोष्ट वेगळी. 1960 च्या दशकात टाळूवरची कातडी काढून हिरडीवर लावण्याची पद्धत आली आणि जुनी उघडी जखम नव्या जागी परतली. रुग्णाला बऱ्याचदा हिरडीपेक्षा टाळूच जास्त छळतो. तिथे झाकण हवंच. कुणी पॅक लावतं, कुणी ॲक्रिलिकची पट्टी बसवतं, कुणी सायनोॲक्रिलेट या जखम चिकटवणाऱ्या गोंदाचा थर देतं, तर कुणी रुग्णाच्याच रक्तातून काढलेलं फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं जाळं. ही फायब्रिनची पद्धत 2001 मध्ये फ्रान्सच्या शुक्रून यांनी पुढे आणली.