मशीनचं मॅन्युअल स्पॅनिशमध्ये करून घेताना

बरेच ग्राहक इंग्रजी मॅन्युअल भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्पॅनिशमध्ये काढून आणतात आणि आम्हा भाषांतरकारांना म्हणतात, "फक्त एक नजर टाका." आमची ती नजर सर्वांत आधी क्रियापदांवर जाते.

जुनी सॉफ्टवेअर्स आधी शब्दकोश आणि व्याकरणाचे नियम यांवर, तर नंतर जुन्या भाषांतरांच्या आकडेवारीवर चालत आणि लांब वाक्यात कर्ता-क्रियापदाची गाठ सुटायची. २०१६च्या सुमारास न्यूरल पद्धत, म्हणजे असंख्य भाषांतरं पाहून पूर्ण वाक्य एकत्र हाताळायला शिकणारी पद्धत, आली आणि ही तक्रार जवळजवळ मिटली. आता प्रत्यय सहसा बरोबर असतो, चूक होते ती कोणतं रूप घ्यायचं यात. कारण ते ठरवायला लागणारी माहिती इंग्रजी वाक्यात अनेकदा नसतेच.

दुरुस्ती अहवालातलं हे वाक्य बघा: 'द मशीन स्टॉप्ड ड्युरिंग द नाइट शिफ्ट.' रात्रपाळीत मशीन एकदा बंद पडलं, की रोज बंद पडायचं? मराठीत आपण हा फरक सहज करतो. स्पॅनिशमध्येही तो करावाच लागतो: एकदाच असेल तर 'से देतुवो', वारंवार असेल तर 'से देतेनिया'. इंग्रजी 'स्टॉप्ड' दोन्हींना चालतं, म्हणून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. वॉरंटीचा दावा असेल तर हा अंदाज महागात पडतो.

'व्हेन द पंप स्टॉप्स' याचंही तेच. 'पंप थांबतो तेव्हा' असं नेहमीचं वर्णन असेल तर 'से देतिएने'; 'पंप थांबला की व्हॉल्व्ह बंद करा' अशी पुढची सूचना असेल तर 'से देतेंगा'. इथे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बरोबर येतं, पण वाक्य तुटक असलं की घसरतं.

'यू'चा गोंधळ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तू की तुम्ही? एका ओळीत आदराचं 'प्रेसिओने' (दाबा), पुढच्या ओळीत 'तू'चं 'प्रेसिओना' (दाब), असं मॅन्युअल ऑपरेटरला विचित्र वाटतं. काही सॉफ्टवेअरमध्ये औपचारिक भाषेचा पर्याय असतो, तो जरूर निवडा. देशही सांगा. अनेकांना उद्देशून स्पेनमध्ये आपुलकीनं 'वोसोत्रोस' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस'च चालतं आणि अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'वोस' येऊन क्रियापदही बदलतं.

सर्वांत जास्त चुका मात्र आम्हाला स्क्रीनवरच्या सुट्या शब्दांत सापडतात. 'ओपन' हे बटण आहे की व्हॉल्व्हची स्थिती? मराठी 'उघडा'सारखंच आहे हे: आज्ञाही तीच आणि 'उघडा दरवाजा'तलं विशेषणही तेच. स्पॅनिशमध्ये बटणावर 'अब्रिर' लागतं, स्थिती दाखवायला 'अबिएर्ता', कारण व्हॉल्व्ह तिथे स्त्रीलिंगी. नुसत्या एक्सेलच्या यादीवरून हे सॉफ्टवेअरला कळत नाही आणि आम्हालाही कळत नाही.

म्हणून यादीबरोबर प्रत्येक स्क्रीनचा फोटो पाठवा, मशीन कोणत्या देशात जाणार ते लिहा, आणि अहवाल असेल तर घटना एकदा घडली की अनेकदा, हे समासात मराठीतच नोंदवा.